बसलेला आमदार पडतो कधी? खानदेशातल्या वीस जागांवरून

प्रश्न असा आला आहे: “आमच्याकडे आमदार सलग तिसऱ्यांदा निवडून आले. लोक नाराज आहेत, पाण्याची कामं रखडली आहेत, तरी मतं त्यांनाच पडतात. आमच्या गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, २०२९ ला उभं राहायचं म्हणताहेत. बसलेला आमदार खरंच पडतो का? आणि तयारी कधीपासून करावी?”

पडतो. पण प्रचाराच्या पंधरा दिवसांत पडत नाही, आणि नुसत्या नाराजीने तर नाहीच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांसाठी मी मतदार यादीचं आणि बूथचं काम करत आलो आहे. जिंकणाऱ्यांसाठी केलं, हरणाऱ्यांसाठीही केलं. त्यातून माझं ठाम मत झालं आहे की आपल्याकडे आमदाराला पाडतो तो बहुतेक वेळा मागच्या निवडणुकीत त्याच्याकडून हरलेला माणूस, किंवा त्या माणसाचं घर. हरल्यावर घरी न बसलेला.

आधी आकडे बघा. महाराष्ट्राच्या २८८ मतदारसंघांची यादी आपल्यापासूनच सुरू होते. एक नंबर अक्कलकुवा, वीस नंबर मुक्ताईनगर, आणि हे वीसच्या वीस खानदेशातले. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं तेव्हा यातल्या सतरा जागांवर विद्यमान आमदार स्वतः उभे होते. चौदा परत आले, तीन पडले: अक्कलकुव्यात के. सी. पाडवी, धुळे ग्रामीणला कुणाल पाटील, धुळे शहरात फारुक शाह. उरलेल्या तीन जागी आमदारांनी घरातल्या माणसाला पुढे केलं. एरंडोलला चिमणराव पाटलांचे चिरंजीव अमोल निवडून आले. चोपड्यात लताबाई सोनवणेंच्या जागी त्यांचे पती, माजी आमदार चंद्रकांत सोनवणे निवडून आले. रावेरला शिरीष चौधरींचे चिरंजीव धनंजय मात्र पडले.

एवढ्यावरून आमदार पडतच नाहीत असं कुणी म्हणेल. पण ही एकाच निवडणुकीची गोष्ट आहे, आणि ती महायुतीच्या लाटेची होती. लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये जुलै २०२४ पासून लागू झाले होते. वीसपैकी एकोणीस जागा महायुतीकडे गेल्या, काँग्रेसकडे फक्त नवापूर राहिलं. २०१९ चं चित्र वेगळं होतं. रावेरला हरिभाऊ जावळे, अमळनेरला शिरीष चौधरी, एरंडोलला डॉ. सतीश पाटील हे तिघेही आमदार असताना पडले. (अमळनेरचे शिरीष चौधरी वेगळे आणि रावेरचे वेगळे, बाहेरच्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.) म्हणून एका निकालावरून नियम काढू नका. दोन-तीन निवडणुका एकापुढे एक ठेवा, मग माणसं दिसायला लागतात.

आता ती माणसं. २०१४ ला अमळनेरात अनिल भाईदास पाटील भाजपकडून लढले आणि अपक्ष शिरीष चौधरींकडून हरले, दुसऱ्या नंबरवर राहिले. २०१९ ला तेच अनिल पाटील राष्ट्रवादीकडून लढले आणि चौधरींना पाडून आमदार झाले. रावेरला २०१४ मध्ये शिरीष चौधरी जावळेंकडून हरले, २०१९ ला त्यांनी जावळेंना पाडलं. मुक्ताईनगरला एकनाथ खडसे १९९० पासून सलग निवडून येत होते. २०१४ ला त्यांच्यासमोर शिवसेनेचे चंद्रकांत पाटील होते आणि अंतर दहा हजारांच्याही आत आलं होतं. २०१९ ला भाजपने खडसेंचं तिकीट कापून कन्या रोहिणी यांना दिलं. चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले आणि १,९५७ मतांनी निवडून आले. अक्कलकुव्यात के. सी. पाडवी हेही १९९० पासूनचे आमदार. २०१९ ला आमश्या पाडवी त्यांच्याकडून २,०९६ मतांनी हरले. २०२४ ला त्याच आमश्या पाडवींनी त्यांना २,९०४ मतांनी पाडलं. धुळे ग्रामीणला २०१९ मध्ये भाजपकडून ज्ञानज्योती भदाणे कुणाल पाटलांविरुद्ध हरल्या होत्या. २०२४ ला त्याच घरातले राम भदाणे निवडून आले.

यात पक्ष बदललेले आहेत, चिन्हं बदललेली आहेत. माणूस किंवा घर तेच राहिलं. माझ्या लेखी खानदेशच्या विधानसभेचं हेच मुख्य सूत्र आहे. हरल्यानंतरची पाच वर्षं ज्याने तालुका सोडला नाही, लग्नं, द्वारदर्शन, गंधमुक्ती, कानबाईची रोटं, पोळा यातलं काही चुकवलं नाही, त्याला लोक मनातल्या मनात ‘दुसरा आमदार’ धरून चालतात. नव्या माणसाला हे स्थान मिळायला एक निवडणूक खर्ची पडते. अपवाद आहेत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून कुणाला शेत विकायला लावू नये.

ही जागा मिळवायला इतकी जड का, ते आमदाराच्या संपर्क कार्यालयात एक सकाळ बसलात तर कळेल. आठ-साडेआठला माणसं यायला लागतात. कुणाची डीपी, म्हणजे शेतावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालेली असते, केळीला पाणी नाही, वायरमन फोन उचलत नाही. कुणाचा निराधार योजनेचा अर्ज तहसीलला अडकलेला. कुणाच्या वडिलांना मुंबईच्या दवाखान्यात खाट हवी. पीए वहीत नाव, गाव, मोबाईल लिहून घेतो आणि तिथल्या तिथे महावितरणच्या अभियंत्याला फोन लावतो. स्पीकर चालू ठेवतो, म्हणजे समोरच्याला ऐकू जातं. दोन दिवसांनी डीपी बदलली की त्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांपर्यंत एकच गोष्ट पोहोचते: आमदारांनी बसवून दिली. ती कंपनीला बसवावीच लागणार होती. पण अडचणीच्या वेळी फोन कुणी केला हे माणूस विसरत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. केळीची बाग चार दिवस उन्हात तापत असताना कायद्याने आपला हक्क काय, हे तपासायला कुणाला सवड असते?

त्यावर आमदाराचा स्थानिक विकास निधी आहे, वर्षाला पाच कोटी. त्यातून गावागावांत सभामंडप, काँक्रिटचे रस्ते, स्मशानभूमीचे शेड उभे राहतात. पाडळसरेचं धरण दशकानुदशकं रखडलेलं असलं तरी गल्लीतला काँक्रिट रस्ता दिसतो, पायाखाली लागतो. लोकांना मोठ्या कामाचं महत्त्व कळत नाही असं मुळीच नाही. मोठं काम कुणाच्या एकट्याच्या हातात नसतं हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून रखडलेल्या प्रकल्पाचा राग एकट्या आमदारावर निघत नाही. तुमच्या भाऊंनी सगळा प्रचार रखडलेल्या पाण्यावर उभा केला तर लोक मान डोलावतील आणि मत देताना डीपीचा फोन आठवतील.

गेल्या काही वर्षांत आमदाराच्या बाजूने आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२४ ची विधानसभा प्रशासकाच्या राजवटीतच पार पडली. गटात झेडपी सदस्य नाही, गणात पंचायत समिती सदस्य नाही. पूर्वी शाळेची खोली, हातपंप, गावरस्ता यासाठी माणूस झेडपी सदस्याकडे जायचा, आणि तोच सदस्य उद्याचा आमदारकीचा उमेदवार म्हणून तयार व्हायचा. ती पायरीच निघाली. सगळं गाऱ्हाणं एका आमदाराच्या दारात आलं. माझ्या मते आव्हान देणाऱ्यांचं पैशाअभावी जितकं नुकसान झालं, त्याहून जास्त या एका गोष्टीने केलं.

आता निष्ठेचा मुद्दा, कारण तुमच्या पत्रात “पक्ष बदलले तरी लोक का निवडून देतात” असंही विचारलं आहे. जून २०२२ च्या शिवसेनेच्या फुटीत जळगाव जिल्ह्यातून गुलाबराव पाटील, किशोर पाटील, चिमणराव पाटील, लताबाई सोनवणे हे चार सेनेचे आमदार, अपक्ष चंद्रकांत पाटील आणि धुळे जिल्ह्यातून साक्रीच्या अपक्ष मंजुळाताई गावित असे सहाजण एकनाथ शिंदेंबरोबर गेले. खोक्यांच्या घोषणा गावोगावच्या सभांत दिल्या गेल्या. २०२४ ला यातल्या सहाच्या सहा जागा त्याच घरांत राहिल्या. भुसावळचे संजय सावकारे २००९ ला राष्ट्रवादीकडून निवडून आले, २०१४ पासून भाजपकडून येतात. नंदुरबारचे डॉ. विजयकुमार गावित राष्ट्रवादीत होते, २०१४ ला भाजपमध्ये आले, जागा कायम राहिली. शिरपूरचे काशिराम पावरा काँग्रेसचे होते, २०१९ पासून भाजपचे आहेत, आणि २०२४ ला लाखाहून जास्त फरकाने जिंकले. शिरपुरात २००९ पासून जागा आदिवासींसाठी राखीव झाली, तिथले जुने नेते अमरिशभाई पटेलांना स्वतः उभं राहता येत नाही, पण तालुक्याची घडी त्यांच्याच हाताने बसलेली आहे. तिथे आव्हान द्यायचं तर एका उमेदवाराला नव्हे, त्या सगळ्या घडीला द्यावं लागतं.

याचा अर्थ लोकांना तत्त्वाचं काही वाटत नाही असा लावू नका. आपल्याकडे माणूस ‘आपला शे’ की नाही हे आधी बघतात, चिन्ह नंतर. फुटीचा राग होता तिथेही त्या रागाला हाताशी धरणारा ओळखीचा माणूस समोर नसेल तर राग मतदानापर्यंत टिकत नाही. पाचोऱ्यात असा माणूस समोर होता. किशोर पाटलांविरुद्ध त्यांच्याच घरातल्या, दिवंगत माजी आमदार आर. ओ. तात्यांच्या कन्या वैशाली सूर्यवंशी ठाकरे गटाकडून उभ्या राहिल्या. पण अमोल शिंदे, जे २०१९ ला अगदी थोडक्यात हरले होते, तेही मैदानात होते आणि माजी आमदार दिलीप वाघही. तीन तगडे विरोधक एकाच वेळी उभे राहिले की बसलेल्याचं काम सोपं होतं. दुसऱ्या नंबरचा माणूस एकच असावा, हे त्या सूत्राचं दुसरं अंग.

हे अंग उलट्या बाजूनेही चालतं. अक्कलकुव्यात पाडवी-पाडवी लढतीत तिसऱ्या म्हणून डॉ. हीना गावित अपक्ष उतरल्या आणि लढत तिरंगी झाली. अशा लढतीत जुन्या आमदाराचा पाया थोडा जरी हलला तरी पुरतं. नवापूरला काँग्रेसचे शिरीषकुमार नाईक फक्त १,१२१ मतांनी वाचले, समोर माजी आमदार शरद गावित अपक्ष होते. एवढ्या मोठ्या मतदारसंघात अकराशे मतं म्हणजे बूथमागे चार मतांचाही फरक नाही.

लोकसभेवर मात्र विसंबू नका. जून २०२४ मध्ये नंदुरबारची लोकसभा काँग्रेसच्या गोवाल पाडवींनी दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकली. पाच-साडेपाच महिन्यांत त्यांचे वडील के. सी. पाडवी विधानसभेला पडले आणि त्या लोकसभेच्या सहा मतदारसंघांपैकी फक्त नवापूर काँग्रेसकडे राहिलं. धुळ्यातही लोकसभेला काँग्रेसच्या शोभाताई बच्छाव थोडक्यात जिंकल्या होत्या, विधानसभेला धुळे ग्रामीण हातातून गेलं. लोकसभेला माणूस दिल्लीचा हिशेब करतो आणि विधानसभेला डीपीचा. “लोकसभेला आपल्याकडे लीड होती” हे वाक्य ज्या उमेदवाराच्या तोंडी वारंवार येतं, त्याच्या बूथवर काम झालेलं नसतं, हा माझा अनुभव आहे.

आता यादी. तुमच्या भाऊंना मी पहिला सल्ला देईन तो हाच. भाषण, बॅनर, वाढदिवसाचे फलक सगळं बाजूला ठेवून स्वतःच्या गावाची मतदार यादी घ्या. गावातला एक बूथ धरा. गावातला पोस्टमन, एक आशाताई, एक जुना रेशन दुकानदार आणि एक कॉलेजचा मुलगा यांना ओट्यावर बसवा आणि नाव-नाव वाचा. मयत कोण, लेकी सासरी गेलेल्या किती, सुनांची नावं अजून माहेरच्याच यादीत आहेत का, अठरा पूर्ण झालेली पोरं कोणती. मग सर्वांत मोठा गठ्ठा निघतो तो बाहेरगावी असलेल्यांचा. सुरतला उधना-लिंबायतकडे, नाशिकला अंबड-सातपूरला, पुण्याला चाकणला. नंदुरबार, साक्रीकडे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबंच्या कुटुंबं. मी बसलो आहे अशा एकेका ओट्यावर, आणि शंभरातली वीस-वीस नावं गावात नाहीत असं निघालेलं पाहिलं आहे. त्यांच्यापुढे पेन्सिलीने खूण करायची आणि मोबाईल नंबर लिहायचा. आमदाराकडे ही खुणा केलेली यादी असते, कारण त्याने ती मागच्या वेळी केलेली असते. तुमच्याकडे नसते. दोघांमधला खरा फरक इथून सुरू होतो.

२०२४ ला दिवाळी मतदानाच्या जवळजवळ तीन आठवडे आधी होती. सुरतची माणसं दिवाळीला येऊन परत गेली होती. त्यांना पुन्हा आणायचं तर आधी बोलणं झालेलं हवं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण बरेच तरुण अज्ञानाने अडकतात: मतदारांना ने-आण करायला उमेदवाराने गाड्या पुरवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट मार्ग आहे, निवडून आलेल्याची निवडणूक त्यावर रद्द होऊ शकते. माणसाने स्वतःहून, स्वतःच्या खर्चाने यावं यासाठी वर्षभर संबंध ठेवावा लागतो. सुरतला जाऊन आपल्या गावच्या मंडळाच्या गणपतीला बसा, त्यांच्या पोरांच्या शाळेच्या दाखल्याचं काम करून द्या. वेळखाऊ आहे, पण ते मत टिकतं.

यादीत नाव घालायला आता जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा अर्हता दिनांक म्हणून, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत त्या, धरल्या जातात. नवीन नावाला नमुना ६, आक्षेप घ्यायला किंवा नाव वगळायला नमुना ७. दर तिमाहीला गावातल्या अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींचे अर्ज भरून दिले तर पाच वर्षांत तुमच्या ओळखीचे कितीतरी नवे मतदार तयार होतात, आणि त्यांच्या आयाही तुम्हाला ओळखू लागतात. नाव वगळायचा अर्ज मात्र जपून, खात्री करूनच. खोटी माहिती दिली तर गुन्हा आहे, आणि जिवंत माणसाचं नाव कापलं गेलं तर ते घराणं तुम्हाला पिढ्यानपिढ्या माफ करणार नाही.

अपक्ष उभं राहायचं का, असाही तुमचा प्रश्न दिसतो. आपल्याकडे अपक्ष निवडून येतात, ही खानदेशची जुनी रीत आहे. २००९ ला अमळनेरचे साहेबराव पाटील आणि रावेरचे शिरीष चौधरी, २०१४ ला अमळनेरचे शिरीष चौधरी, २०१९ ला मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील आणि साक्रीच्या मंजुळा गावित. २०२४ ला एकही नाही. अडचण चिन्हाची असते. २०२४ ला माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, चिन्हं त्यानंतर वाटली गेली आणि प्रचार १८ तारखेला थांबला. चौदा दिवसांत धडगावच्या डोंगरापासून नर्मदाकाठच्या पाड्यापर्यंत, जिथे मतदान पथकांना होडीने जावं लागतं तिथे, नवं चिन्ह पोहोचवायचं हे सोपं नाही. ज्याचा चेहरा आधीच ओळखीचा आहे त्यालाच ते झेपतं. उमेदवारी अर्जाला अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. खर्चाची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख. स्वतंत्र बँक खातं काढा, रोजची नोंद ठेवा आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्या. हिशेब न दिल्याने तीन वर्षं अपात्र होणारे उमेदवार असतात, आणि मग सगळी उमेद तिथेच संपते.

तर भाऊंना काय सांगाल? विधानसभेच्या आधी झेडपीचा गट लढा. तो जिंकला तर वीस-पंचवीस गावांच्या गाऱ्हाण्यांची वही तुमच्याकडेही येते. हरलात तरी दुसऱ्या नंबरची सवय लोकांना लागते. दूध संघ, बाजार समिती, विकास सोसायटी यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. डिसेंबर २०२२ मध्ये जळगाव जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण यांनी एकनाथ खडसेंच्या पत्नी मंदाकिनी खडसेंना हरवलं. दोन वर्षांनी मुक्ताईनगरला रोहिणी खडसे पुन्हा हरल्या, आणि या वेळी फरक वीस हजारांच्या वर गेला. एका निकालाने दुसरा ठरला असं मी म्हणत नाही. पण गावोगावच्या दूध डेअरीच्या ओट्यावर जो बसतो त्याचा आवाज विधानसभेलाही ऐकू येतो.

रोहिणी खडसेंचं उदाहरण मी मुद्दाम देतो आहे, कारण माझं सूत्र सगळीकडे लागू पडत नाही हे भाऊंनाही कळायला हवं. दुसऱ्या नंबरवर राहून, तालुका न सोडूनही माणूस दुसऱ्यांदा हरू शकतो. जळगाव ग्रामीणला गुलाबराव देवकरांनी २००९ मध्ये गुलाबराव पाटलांना पाडलं, २०१४ ला देवकर पाटलांकडून पडले, २०२४ ला पुन्हा पाटलांसमोर उभे राहिले आणि पुन्हा हरले. समोरचा मंत्री असेल, संस्था त्याच्या हातात असतील, वारा त्याच्या बाजूचा असेल, तर चिकाटी पुरत नाही. जामनेरला गिरीश महाजन १९९५ पासून आहेत. तिथे २०२४ ला त्यांच्याच पक्षातून बाहेर पडलेले दिलीप खोडपे समोर होते, तरी ते सातव्यांदा आले. भाऊंचा मतदारसंघ जामनेरसारखा आहे की एरंडोलसारखा, हे आधी ओळखा. एरंडोलला २००९, २०१४, २०१९ तिन्ही वेळा आमदार बदलला आणि दोनच माणसं आलटून-पालटून आली. जिथे अशी दोन माणसं आधीपासून आहेत तिथे तिसऱ्याला शिरायला जागा मिळणं फार अवघड असतं. तिथे भाऊंनी त्या दोघांपैकी कुणाबरोबर तरी उभं राहून आपला गट बांधावा, असं मी स्पष्ट सांगेन.

मतदानाच्या दिवसाबद्दल एकच. प्रत्येक बूथवर तुमचा प्रतिनिधी अभिरूप (चाचणी) मतदानाच्या वेळी, म्हणजे मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी हजर हवा, आणि संध्याकाळी नमुना १७-सीची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय त्याने खोली सोडायची नाही. निवडून या की पडा, त्या प्रती जपून ठेवा. कोणत्या बूथवर एकूण किती मतं पडली हे त्यातून कळतं, मतमोजणीत तिथे तुम्हाला किती मिळाली हे निकालपत्रातून कळतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढच्या पाच वर्षांत कोणत्या गावी आधी जायचं ते ठरतं.